डोंगराची धार

भूगोलाच्या पाठ्यपुस्तकात ‘जलविभाजक’ असा एक भारदस्त शब्द येतो. डोंगराच्या ज्या धारेवर पडलेल्या पावसाचे दोन वाटे होतात आणि ते दोन वेगळ्या नद्यांना जाऊन मिळतात, त्या धारेचे हे नाव. गेली वीस वर्षे मी हा शब्द फळ्यावर लिहीत आलो आहे. खानापूर तालुक्यात कणकुंबीच्या परिसरात शिकवणाऱ्या शिक्षकाला तो समजावून देण्यासाठी खरे म्हणजे नकाशाही लागू नये. माउली आणि रामेश्वर यांच्या देवळांपाशी मलप्रभा उगम पावते. अरबी समुद्र तेथून बसने दोन-अडीच तासांवर. परंतु मलप्रभा त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेला जाते, कूडलसंगमला कृष्णेला मिळते आणि तिच्याबरोबर बंगालच्या उपसागरापर्यंतचा लांबचा प्रवास पत्करते. तिच्या उगमापासून चालत जाण्याच्या अंतरावर वाहणारा कळसा नाला मात्र म्हादईला मिळून गोव्यात उतरतो आणि मांडवीच्या मुखाने अरबी समुद्राला भेटतो. एकाच ढगातले पाणी, शेजारी शेजारी पडलेले, आणि हिंदुस्थानच्या दोन बाजूंच्या समुद्रांना गेलेले.

एका वर्षी एप्रिल महिन्यात हा पाठ चालू असताना मागच्या बाकावरील एक मुलगी उठून उभी राहिली. सकाळी आईबरोबर दोन खेपा पाणी आणून ती शाळेत आली होती, हे मला ठाऊक होते. तिने विचारले, “सर, अर्धं पाणी इकडच्या समुद्राला गेलं, अर्धं तिकडच्या. मग मधे राहणाऱ्यांनी काय प्यायचं?”

वर्ग हसला. मीही हसलो आणि तास संपल्याची घंटा झाली, म्हणून सुटलो. शिक्षकाच्या आयुष्यात घंटा ही पुष्कळदा देवासारखी धावून येते. परंतु तो प्रश्न काही सुटला नाही. गेल्या मे महिन्यात शाळेतील दोघा सहकाऱ्यांबरोबर शिमल्याला जाण्याचा योग आला, तेव्हा तो माझ्याबरोबर गाडीत बसून आला, असे म्हटले तरी चालेल. कारण हिमाचल प्रदेशाची ही राजधानी अशाच एका धारेवर वसलेली आहे, हे मी पुस्तकात वाचले होते.

आमच्या भागातून दिल्लीपर्यंत जाणारी गाडी लोंढ्याहून बेळगाव, मिरज, पुणे करीत उत्तरेला जाते. त्या प्रवासाचे वर्णन करीत नाही. मे महिन्यातील उन्हात तो ज्याने केला आहे त्याला ते नको असेल, आणि ज्याने केला नाही त्याला त्यातली गोडी पटणार नाही. खरी गंमत कालक्यापासून सुरू होते. कालका ते शिमला ही अडीच फूट रुंदीच्या रुळांची रेल्वे १९०३ साली सुरू झाली. सुमारे ९६ किलोमीटरांच्या या मार्गावर शंभरांहून अधिक बोगदे आणि आठशेंहून अधिक पूल आहेत. ६५६ मीटर उंचीवरील कालक्यापासून ही गाडी २,०७६ मीटर उंचीच्या शिमला स्थानकापर्यंत चढत जाते. २००८ साली या मार्गाला जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. मार्गावरील सर्वांत लांब बोगदा बडोग येथे आहे, अकराशे मीटरांहून थोडा अधिक. त्याच्याविषयी एक करुण कथा सांगतात. बोगदा दोन्ही बाजूंनी खणत आणला, पण मध्यभागी दोन तोंडे जुळली नाहीत. साहेबाला एक रुपया दंड झाला, आणि त्या अपमानाने त्याने जीव दिला. पुढे भलकू नावाच्या एका निरक्षर पहाडी माणसाने काठीने डोंगर ठोकत ठोकत योग्य रेषा दाखविली, असे म्हणतात. कथेत किती खरे आणि किती मागून चिकटलेले, हे निवडणे कठीण आहे; परंतु भलकूचे नाव शिमल्यातील रेल्वेच्या संग्रहालयाला दिलेले आहे, एवढे खरे. डोंगराच्या पोटातले दगड आणि पाणी जाणणारी अशी माणसे आमच्या घाटातही असतात. विहीर कोठे खणावी हे ती जमिनीला कान लावून सांगतात. त्यांच्या नावाचे संग्रहालय मात्र मी अजून पाहिलेले नाही.

शिमल्याचा इतिहास फार जुना नाही. श्यामला देवीच्या नावावरून गावाला नाव पडले, असे मानतात. १८२२ साली केनेडी नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने तेथे पहिले पक्के घर बांधले आणि १८६४ पासून हिंदुस्थानचा कारभार उन्हाळ्यापुरता तेथून चालू लागला. कलकत्त्याहून कागदपत्रांच्या पेट्या, कारकून, स्वयंपाकी आणि घोडे असा सगळा लवाजमा डोंगर चढून येई. स्वातंत्र्यानंतर काही वर्षे हे शहर पंजाबची राजधानी होते. २५ जानेवारी १९७१ रोजी हिमाचल प्रदेशाला पूर्ण राज्याचा दर्जा मिळाला, ती घोषणा पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी येथील ‘रिज’ या मैदानावरून केली.

या रिजविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. रिज म्हणजेच डोंगराची धार. पहाडी बोलीतही डोंगराच्या कण्याला ‘धार’ म्हणतात, हे ऐकून मला फार बरे वाटले. शिमल्याच्या मध्यभागी ही धार थोडी रुंद झाली आहे आणि तेथे फरसबंद मैदान केले आहे. एका टोकाला १८५७ साली प्रतिष्ठापना झालेले पिवळसर रंगाचे क्राइस्ट चर्च उभे आहे, मधे महात्मा गांधींचा पुतळा आहे. मोटारींना तेथे प्रवेश नाही. म्हातारी माणसे बाकांवर ऊन खात बसतात आणि पाठीवर ओझी वाहणारे काश्मिरी हमाल त्यांच्यामधून वाकून वाट काढतात. या मैदानाच्या उत्तरेकडील उतारावर पडलेले पाणी सतलजेला जाते आणि सिंधूबरोबर अरबी समुद्राला मिळते. दक्षिणेकडील उतारावरचे अश्वनी, गिरी अशा ओहळनद्यांतून यमुनेला आणि यमुनेबरोबर गंगेला मिळून बंगालच्या उपसागरात जाते. आमचे एक सहकारी गणित शिकवतात. त्यांनी मैदानाच्या मध्यभागी उभे राहून एक पाय इकडे आणि एक पाय तिकडे ठेवला आणि म्हणाले, “सर, मी आता दोन समुद्रांत उभा आहे.”

आमचे मराठी ऐकून जवळच्या बाकावरील एक तरुण उठून आला. सैन्यात नोकरीला होता, चंदगडकडचा होता आणि बायको-मुलाला घेऊन शिमला दाखवायला आला होता. “काय ओ सर, बेळगावकडचं काय?” असे त्याने विचारले आणि उत्तराची वाट न पाहता पुढचा प्रश्न केला, “जांबोटीला वळीव झाला काय ओ?” दीड हजार किलोमीटरांहून दूर, देवदारांच्या सावलीत, त्याला घरच्यांची खुशाली विचारण्याआधी पावसाची आठवण झाली. झाला, एकदा चांगला झाला, असे मी सांगितले. तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान उमटले, ते सिमल्याच्या हवेने आलेले नव्हते.

आता या मैदानाची दुसरी बाजू, म्हणजे खालची. आपण ज्या फरशीवर उभे असतो तिच्याखाली इंग्रजांच्या काळात बांधलेली पाण्याची प्रचंड टाकी आहे. तिच्यात सुमारे दहा लाख गॅलन पाणी मावते, आणि शहराच्या मधल्या भागाला आजही तिचा आधार आहे. वर घोडे, फुगे आणि छायाचित्रे. खाली अंधारात शहराचे पिण्याचे पाणी. धारेवर राहणाऱ्यांनी काय प्यायचे, या प्रश्नाचे पहिले उत्तर मला तेथे मिळाले. पाणी दोन्हीकडे निघून जाते, म्हणून ते मधेच धरून ठेवायचे.

परंतु टाकीत पाणी येते कोठून? आपण राहतो त्या धारेवरून जे खाली गेले, तेच यंत्राने पुन्हा वर चढवून. गुम्मा नावाच्या ठिकाणी दरीच्या तळाशी असलेल्या ओहोळाचे पाणी कित्येक दशके पंपाने शिमल्याला चढविले जात आहे. पुढे गिरी नदीचे पाणी आले. अलीकडे थेट सतलजेच्या पात्रातून पाणी उपसून आणण्याची योजना हाती घेण्यात आली, म्हणजे दीड किलोमीटरच्या आसपास उभी चढण. पहाडी लोक ओहोळाला ‘खड्ड’ म्हणतात. आमच्या गणिताच्या सरांना पहिल्या दिवशी हा शब्द ऐकून रस्ता खराब आहे असे वाटले होते.

रविवारी मी सेंट मायकेल कॅथेड्रलमध्ये मिस्सेला गेलो. १८८६ साली बांधलेले हे दगडी चर्च न्यायालयाच्या इमारतीजवळ उतारावर आहे. आमच्याकडे एकाच रविवारी कोंकणी, मराठी आणि कन्नड अशा तीन भाषांतून प्रार्थना कानी पडतात; तेथे हिंदीतून ऐकली. अर्थ तोच, पण चाल पहाडी. मिस्सा संपल्यावर पायऱ्यांवर एक वृद्ध बाई भेटल्या. त्या पूर्वी तेथील एका शाळेत शिकवीत असत. मी पाण्याचा विषय काढला आणि त्यांनी २०१८ सालची हकिकत सांगितली.

त्या वर्षी हिवाळ्यात बर्फ अगदी कमी पडले होते. मे महिना संपत आला तेव्हा ओहोळ आटले. शहराला रोज सुमारे साडेचार कोटी लिटर पाणी लागते. ते निम्म्यावर आले. काही मोहल्ल्यांत आठवडाभर नळाला थेंब नव्हता. लोक रात्री दोन वाजता बादल्या घेऊन टँकरसमोर उभे राहत. जूनच्या आरंभी होणारा शिमल्याचा प्रसिद्ध उन्हाळी उत्सव पुढे ढकलावा लागला, सरकारी शाळा आठवडाभर बंद ठेवाव्या लागल्या, आणि उच्च न्यायालयाने स्वतः होऊन त्यात लक्ष घातले. पाहुण्यांनी इकडे येऊ नये, असे स्थानिक लोकच सांगू लागले. ज्या गावाचे पोट पाहुण्यांवर चालते, त्या गावावर असे म्हणण्याची वेळ यावी! बाई म्हणाल्या, “हम तो बर्फ़ के पड़ोसी हैं, और पानी के लिए तरस गए.” त्याआधी २०१५ सालच्या अखेरीस अश्वनी खड्डच्या पाण्यात मैलापाणी मिसळून शहरात काविळीची साथ आली होती आणि काही जण दगावले होते. त्या साथीत त्यांच्या शेजारच्या घरातील एक तरुण गेला. ते सांगताना त्या चर्चच्या दाराकडे पाहत राहिल्या. मी पुढे काही विचारले नाही.

मॉल रस्त्यावरची दुकाने, जाखू टेकडीवरील हनुमंताची १०८ फूट उंचीची मूर्ती आणि तिच्याभोवतीची चष्मे पळविणारी माकडे, ही सर्व प्रवासी पाहतात तशी आम्हीही पाहिली. आमच्यापैकी एकाचा चष्मा गेलाही, आणि फुटाण्यांच्या पुडीच्या बदल्यात तो परत मिळाला. व्यवहार इतका चोख होता की माकडांना कोणी शिकविले आहे की काय, अशी शंका यावी.

व्हाइसरॉयचा जुना वाडा मात्र मनात राहिला. १८८८ साली तो पुरा झाला. १९४५ ची सिमला परिषद तेथेच भरली आणि तेथेच मोडली. राष्ट्रपती राधाकृष्णन यांनी १९६५ मध्ये त्या वास्तूत उच्च अध्ययन संस्थेचे उद्घाटन केले. ज्या दालनांत मेजवान्या झडत तेथे आता ग्रंथांची कपाटे आहेत. हा वाडाही त्याच जलविभाजक धारेच्या एका उंचवट्यावर उभा आहे. साम्राज्य चालविणाऱ्यांनी राहण्यासाठी जागा निवडली ती देखील दोन समुद्रांच्या मधली, असा एक विचार मनात येऊन गेला. पण त्यांना बहुधा फक्त वारा हवा असावा. या वाड्याजवळच समर हिल हा भाग आहे. १४ ऑगस्ट २०२३ रोजी सकाळी श्रावणी सोमवारच्या पूजेसाठी तेथील शिवमंदिरात लोक जमले होते. अतिवृष्टीने वरचा डोंगर कोसळला आणि वीस माणसे त्याखाली गेली. जवळच रेल्वेचे रूळ खालची माती वाहून गेल्यामुळे हवेत लोंबकळत राहिले होते. ज्या धारेवर मे महिन्यात पाणी मिळत नाही, तेथे ऑगस्टमध्ये पाण्यानेच माणसे मरतात. कणकुंबीत पाऊस जूनमध्ये असा येतो की शेजारच्या घरात हाक ऐकू जात नाही. त्या पावसाची भीती आणि एप्रिलच्या कोरड्या घागरीची भीती या एकाच घरात राहणाऱ्या दोन बहिणी आहेत, हे मला तेथे कळले.

शिमल्यापासून नारकंड्याकडे जाणारा रस्ता बराचसा या धारेच्या अंगाखांद्यावरूनच जातो. तिबेटकडे जाण्यासाठी डलहौसीच्या कारकीर्दीत आखलेला हा जुना मार्ग. शहर सोडून आपण कुफरीकडे निघालो की डाव्या-उजव्या हातांना घरांच्या चळती संपतात आणि एकाएकी घनदाट अरण्य लागते. हे शिमल्याचे पाणलोट अभयारण्य. सुमारे दहा चौरस किलोमीटरांचे हे रान इंग्रजांच्या काळापासून केवळ शहराच्या पाण्यासाठी राखून ठेवलेले आहे. तेथे झाड तोडणे नाही, गुरे चारणे नाही. आत सिओग येथे एक जुनी टाकी आहे आणि तिच्यातील पाणी पंपावाचून, केवळ उताराने शहराकडे येते.

त्या रानात आम्ही चाललो. वर देवदार, खाली बान नावाचा ओक वृक्ष, आणि पायाखाली पानांचा असा थर की काठी रोवली तर ती वीतभर आत जावी. हाताने थोडा पाचोळा बाजूला केला. मे महिन्यातील कोरड्या दुपारीही खाली माती ओलसर होती, गार होती. वाटेवर भेटलेल्या वनरक्षकाने सांगितले की बान जेथे आहे तेथे झरा आटत नाही, असे पहाडी म्हातारे मानतात. हिवाळ्यातील बर्फ या पाचोळ्यात मुरते आणि उन्हाळाभर थोडे थोडे सुटत राहते. म्हणजे रान हीच टाकी. रिजखालची दगडी टाकी ही तिची नक्कल.

मला तेथे आमचे सडे आठवले. आमच्याकडे जांभ्या दगडाच्या सपाटीवर पाऊस पडतो. जेथे रान आहे तेथे तो थांबतो, आणि जेथे रान गेले तेथे तो दगडावरून सरळ घाट उतरून निघून जातो. आम्ही म्हणतो, इतका पाऊस पडतो, मग उन्हाळ्यात पाणी का नाही? पाऊस पडतो हे खरे. पण आपण त्याला बसायला पाट दिला नाही तर पाहुणा उभ्या उभ्याच जाणार. भीमगड अभयारण्य २०११ साली जाहीर झाले. १९० चौरस किलोमीटरांचे हे रान आमच्या तालुक्यात आहे आणि म्हादईचे कित्येक ओहोळ त्यात जन्म घेतात. रानातील वाड्यांवरच्या लोकांना त्याचे नियम जाचक वाटतात आणि त्यांची तक्रार खोटी नाही. आजारी माणसाला रस्त्यापर्यंत झोळीतून आणावे लागते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. रानही राहावे आणि माणसेही राहावीत, हे दोन्ही साधणे सोपे आहे असे सांगण्याचे धाडस मी करणार नाही.

नारकंड्याच्या पलीकडे कोटगढ आणि ठाणेदार ही गावे आहेत. तेथे जाण्याची ओढ मला वेगळ्या कारणाने होती. १९०४ साली अमेरिकेतील फिलाडेल्फियाहून सॅम्युअल स्टोक्स नावाचा तरुण कुष्ठरोग्यांच्या सेवेसाठी सबाथूला आला. पुढे तो कोटगढच्या डोंगरात राहिला. साधू सुंदरसिंग, ज्यांचा बाप्तिस्मा १९०५ मध्ये शिमल्यात झाला आणि जे १९२९ मध्ये तिबेटच्या वाटेवर कायमचे दिसेनासे झाले, ते काही काळ त्याचे सोबती होते. स्टोक्सने पहाडी कुटुंबातील मुलीशी लग्न केले. १९१६ साली त्याने अमेरिकेतून सफरचंदाची रोपे आणून लावली. त्याआधी तेथील शेतकरी डोंगरउतारावर धान्य पिकवून अर्धपोटी राहत. इंग्रज अधिकारी आले की त्यांचे सामान फुकट वाहण्याची वेठ त्यांच्या बोकांडी होती. या वेठीविरुद्ध स्टोक्सने शेतकऱ्यांना उभे केले आणि १९२१ मध्ये ती बंद पाडली. त्याच वर्षाच्या अखेरीस काँग्रेसच्या चळवळीत तो तुरुंगात गेला. १९३२ साली त्याने हिंदू धर्म स्वीकारला आणि सत्यानंद हे नाव घेतले. माझ्या श्रद्धेच्या माणसाला या शेवटच्या गोष्टीपाशी क्षणभर थबकायला होते, हे मी लपवीत नाही. परंतु त्या उतारांवर उभे राहिले, आणि एका पिढीत उपाशी गावांची जी बाग झाली ती पाहिली, म्हणजे त्या माणसाचा हिशेब करण्याचे काम आपले नव्हे, असे वाटते.

मे महिन्यात सफरचंदे सुपारीएवढी असतात. गारांपासून ती वाचावीत म्हणून झाडांवर पांढरी जाळी पसरलेली होती. दुरून पाहिले तर डोंगरावर बर्फच राहिले आहे असे वाटावे. एका बागवानाने आम्हांला घरी नेऊन चहा दिला. सफरचंदाला हिवाळ्यात ठरावीक तास कडक थंडी लागते. अलीकडे ती कमी पडते, म्हणून काही जण बागा अधिक उंचावर नेत आहेत, असे तो म्हणाला. “और ऊपर कितना जाएँगे? ऊपर तो फिर धार आ जाती है,” असे म्हणून तो हसला. त्याच्या अंगणातून खूप खाली सतलज दिसत होती, एका राखी रेघेएवढी. तिबेटातून राक्षसतालाकडून आलेली ती नदी त्याच्या घराखालून जात होती, आणि त्याच्या बागेला पाणी मात्र वरच्या झऱ्याचे होते. तो झराही आता पूर्वीसारखा राहिला नाही, असे त्याने सांगितले.

परत आलो तेव्हा जून लागला होता. जांबोटीच्या पुढे बस धुक्यात शिरली आणि कळशाच्या कालव्याचे खोदकाम झालेल्या जागेजवळून गेली. श्रोत्यांना हा वाद ठाऊक असेल. कळसा आणि भंडुरा या ओहोळांचे पश्चिमेला जाणारे पाणी वळवून मलप्रभेत आणावे, अशी कर्नाटकाची योजना. आपल्या जीवनदायी नदीचे पाणी कमी होईल, अशी गोव्याची हरकत. २०१० साली त्यासाठी म्हादई जलतंटा लवाद नेमला गेला. २०१८ च्या ऑगस्टमध्ये त्याने निवाडा दिला. त्यात कर्नाटकाला १३.४२ टीएमसी, म्हणजे तितके अब्ज घनफूट पाणी देण्यात आले. त्यापैकी ३.९ टीएमसी धारेपलीकडे मलप्रभेच्या खोऱ्यात नेण्यास मुभा मिळाली. गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी मिळाले. निवाड्यावर राज्यांचे समाधान न होऊन प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

हुबळी-धारवाडच्या घागरी रिकाम्या आहेत, त्यांचे दुःख खोटे नव्हे. मलप्रभा आटते हे खानापूरच्या पुलावरून कोणीही पाहू शकतो. गोव्याच्या खाजणांत खारे पाणी चढेल ही भीतीही खोटी नव्हे. पण या सगळ्या आकड्यांत मला एक आकडा सापडला नाही. धारेवरच्या गावांना एप्रिलमध्ये किती पाणी, आणि ते ज्या रानातून झिरपते त्या रानाला किती जागा? पूर्वेचे लोक मोर्चा काढतात, पश्चिमेचे लोक मोर्चा काढतात. धारेवरचे लोक थोडे आहेत आणि तीन राज्यांच्या व दोन-तीन भाषांच्या सीमेवर आहेत. त्यांचा मोर्चा निघालाच तर तो कोणत्या दिशेने जाईल, हेही सांगता येत नाही.

शाळा उघडल्यावर त्या मुलीला मी शिमल्याची हकिकत सांगितली. मैदानाखालची टाकी तिला आवडली. बर्फाच्या शेजारी राहून लोक पाण्यासाठी रात्री रांगेत उभे राहतात, यावर तिचा विश्वास बसेना. मग वर्गाने एक काम हाती घेतले. शाळेपासून जवळ रानाच्या कडेला एक झरा आहे. दर शनिवारी शाळा सुटल्यावर चार मुले तेथे जातात, पन्हळीखाली कळशी धरतात आणि ती किती सेकंदांत भरते ते घड्याळ लावून वहीत लिहितात. वहीत तारखांचा एक रकाना आहे, सेकंदांचा एक, आणि पाऊस पडला की नाही याचा एक. सध्या कळशी धरली न धरली तोच भरते आणि मुलांना या कामात काही राम वाटत नाही; दोघे जण तर मुख्यतः खेकडे धरण्यासाठी जातात. वही त्या मुलीने सांभाळली आहे. तिने पुढच्या मे महिन्यापर्यंतच्या शनिवारांच्या तारखा आधीच लिहून ठेवल्या आहेत. त्यांच्यासमोरचे रकाने अजून कोरे आहेत.